भिंतीवरचे परके डोळे

साल दोन हजार सोळा. मी एकसष्ट वर्षांचा. तेव्हाची ही गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही ठाऊक नाही.

शाळा चौथीपर्यंत. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकायचो नाही. मोटारसायकलवर शिरूर-दौंडची गावं हिंडायचो, माणसांचे चेहरे टिपायचो. माणूस एक, फोटो एक — हा माझा हेका. दुसऱ्यांदा बटण दाबायचं म्हंजी आपल्याला माणूस कळलाच न्हाई, असं चारचौघांत मिरवायचो.

वडगाव रासाईला एका आप्पांचा फोटो काढला, आणि नेमकी त्यांची पापणी मिटली. मला दिसलं ते. आप्पा म्हणाले, "डोळं झाकलं वाटतं. आणखी एक घ्या की." मी कॅमेरा पिशवीत घातला. मी काय नवशिका होतो?

पुढच्या महिन्यात आप्पा वारले. दहाव्याला लावायला मुलाने फोटो मागितला. दुसरा फोटोच नव्हता घरात. खरं सांगायला तोंड होतं का मला? भांडगावजवळ एका मेंढपाळाचा फोटो मी काढला होता. त्याची बायको डोक्यावर हंडा घेऊन येत होती, आणि तो तिच्याकडे बघत होता. ते डोळे — होय, तेच — मी शिरूरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून आप्पांच्या चेहऱ्यावर बसवून घेतले.

मुलाला काही कळलं नाही. आप्पांची म्हातारी मात्र फोटोपुढे खिळून राहिली. मला वाटलं, सापडलो. ती हळूच म्हणाली, "उभ्या जन्मात ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं न्हवतं."

तिचा तो चेहरा! इतकी वर्षं माणसं टिपत हिंडलो, असा उजेड कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. कुणाचं बघणं ते, आणि कुणाला जाऊन पोचलं?

रात्रभर तळमळलो. सकाळी, सांगूनच टाकायचं म्हणून, पुन्हा वडगावला गेलो. म्हातारी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून भिंतीपुढे बसली होती.

"बरं झालं आला, दादा. ते बघत्यात तवर माझा एक काढा."

तिने मान वर करून त्या डोळ्यांकडे पाहिलं. मी पिशवीतून कॅमेरा काढला. बटण दाबलं. मग दुसऱ्यांदा दाबलं.