न प्यालेल्या दारूची शपथ

कवठे येमाईच्या भारतनं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही, आणि तरी देवीपुढं भंडारा उचलून दारू सोडली. हसू नका. हसण्यासारखं आहे, पण आधी ऐका.

एस.टी. स्टँडच्या मागं भारतचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्याच्या दारात आणून टाकतात. तो आतली जळकी तार ओढून काढतो, तांब्याची नवी तार भरतो, वरून थिनरमध्ये कालवलेलं व्हार्निश मारून वाळवतो. हाताला असा गुण की त्यानं भरलेली मोटार चार-पाच उन्हाळे तक्रार करत नाही. पण माणसाशी बोलायची वेळ आली की गडी संपला! शटर कायम अर्धं खाली. गिऱ्हाइकानं वाकून हाक मारली की हा कोपऱ्यात काहीतरी शोधतोय असं दाखवून पाठ करून बसायचा. शेवटी गिऱ्हाइकांनीच तोडगा काढला. दाराशी खडू ठेवलेला असायचा. मोटारीवर आपलं नाव लिहायचं, काय बिघाड आहे ते लिहायचं, आणि चालू पडायचं. ‘बापूसाहेब. गरम होते.’ ‘बानूबाई. नुसती गुरगुरते.’ गावातल्या माणसांचे चेहरे भारतला ठाऊक नसतील, पण अक्षरं सगळ्यांची ठाऊक होती. सगळ्या जगानं असंच खडूनं लिहून जावं, असं त्याला मनापासून वाटायचं.

त्याला माणसं आवडत नव्हती असं नाही हो. तिथंच तर सगळ्यांची गफलत झाली. पारावर चार जण हसत बसलेले दिसले की त्यालाही जाऊन बसावंसं वाटायचं. पण दहा पावलं उरली की छातीत धडधड, तोंडाला कोरड, तळहाताला घाम. सगळे आपल्याकडंच बघणार, आपण ततपप करणार, मग आपल्यामागं हसणार, हे त्याच्या डोक्यात आधीच घडून गेलेलं असायचं. मग तो तिथूनच वळायचा. आणि वळला म्हणून घरी येऊन स्वतःला शिव्या घालत पडायचा. कुणाच्या घरी कपबशी हातात आली तर बशी अशी खडखडायची की बाई आतून विचारायची, “काय सांडलं का?”

आता आपल्याकडची लग्नं तुम्हाला माहीत आहेत. अक्षता राहिल्या बाजूला, आधी तासभर माइकवर नावं पुकारायची, एकेकाला स्टेजवर बोलवायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा. भारतची बायको नीलम वरवंडची. तिचा थोरला भाऊ जयसिंग म्हणजे बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. त्याच्या पोराच्या लग्नात पहिला फेटा घरच्या जावयाचा, म्हणजे भारतचा. माइकवरून नाव घुमलं, “आमचे दाजी, कवठे येमाईचे भारतराव, यांनी मंचाकडं यावं!” एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं, पाच वेळा पुकारलं. भारत मांडवामागच्या उसात जाऊन बसला होता. पंगती उठल्या तेव्हा बाहेर आला. डोळे लाल, शर्ट घामानं भिजलेला, हात कापतायत, आणि अंगाला थिनरचा वास. मोटारीच्या कामात तो वास कातडीतच मुरतो, साबणानंही जात नाही. पण एवढा विचार कोण करतंय? जयसिंगनं जवळ येऊन नाक वर केलं आणि निकाल लावून टाकला. दाजी पितात!

पुढच्या मंगळवारी जयसिंग दहा माणसं घेऊन आला आणि भारतला येमाईच्या देवळात नेऊन उभा केला. नीलमही होती. भारतच्या तळहातावर भंडारा ठेवला. आपल्याकडं भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही.

“बोला दाजी, आजपास्नं घेणार न्हाई म्हणा.”

मी पीतच नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द! पण दहा जणांचे वीस डोळे. भारतची जीभ टाळ्याला चिकटली. त्यानं नीलमकडं बघितलं. वीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई, ती तरी म्हणेल की अहो, हे काय चाललंय? नीलम देवीकडं बघत होती.

“न्हाई घेणार,” भारत म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर त्यानं तो शब्द तंतोतंत पाळला.

वाईट काय झालं माहीत आहे का? त्याला ते सोईचं पडलं. सुटलेल्या दारुड्याला गावात जागा असते. लोक हळहळतात, सांभाळून घेतात. लग्नाला न्यायचं नाही, तिथं जुने दोस्त भेटतात, असं आता जयसिंगच सगळ्यांना सांगायचा. पण माणसांना घाबरणाऱ्या बाप्याला कोण जागा देणार? त्याला नावसुद्धा नाही. दारूला निदान नाव आहे. तेव्हा भारतनं ते नाव अंगावर घेतलं आणि शटर आणखी वीतभर खाली केलं.

फक्त संध्याकाळी घरी आलं की नीलम पाण्याचा तांब्या द्यायला जरा जास्तच जवळ यायची. ती वास घेते हे त्याला कळायचं. तो मुद्दाम मोठा श्वास सोडायचा. पण शर्टाचा थिनरच आधी तिच्या नाकात शिरायचा, आणि ती काही न बोलता आत निघून जायची. दोन वर्षं रोज हेच चाललं. एका घरात राहून माणूस किती एकटा पडू शकतो, हे ज्याला कळत नाही तो सुखी.

त्यांची पोरगी शितल शिरूरला कॉलेजात. तिथं एकदा मानसिक आजारांवर कुणीतरी बोलून गेलं. पोरगी घरी आली ती बापाकडं बघतच राहिली. तोंडानं सांगितलं तर बाप उठून जाईल हे तिला पक्कं माहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या एका मोटारीवर खडूनं लिहिलेलं होतं, ‘पप्पा. हा आजार असतो. बरा होतो. दौंड, गुरुवार, अकरा वाजता.’ खाली दवाखान्याचं नाव. भारतनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, दिवसभर काम केलं, आणि गुरुवारी तार आणायला जातो सांगून दौंडला गेला. शिरूरला डॉक्टर नव्हते असं नाही, पण शिरूरला ओळखीचं कुणीतरी भेटतंच.

डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी भारत अर्धा तास नुसता स्वतःच्या चपलांकडं बघत होता. बाईंनी घाई केली नाही. म्हणाल्या, “बोलता येत नसेल तर लिहा.” आणि कागद पुढं केला. तिथं त्याला भरून आलं.

गोळी सुरू झाली. बाईंनी आधीच बजावलं होतं, महिनाभर काही फरक वाटायचा नाही, सोडायची नाही. आणि गोळीबरोबर गृहपाठ! चाळिशी उलटलेल्या बाप्याला गृहपाठ. पहिला, दौंड स्टेशनच्या खिडकीवर जाऊन गाडी कितव्या फलाटाला लागते ते विचारायचं. भारत तीन गुरुवार त्या खिडकीपर्यंत जाऊन माघारी आला. चौथ्या गुरुवारी विचारलं. आतल्या माणसानं मान वर न करता आकडा सांगितला. बस? एवढंच? भारतला कुठं जायचंच नव्हतं, तरी तो त्या फलाटावर जाऊन बसला. दुसरा गृहपाठ, टपरीवर चहा प्यायचा आणि थोडा मुद्दाम सांडायचा. हे ऐकून तो टपरीसमोरून दोनदा नुसताच गेला. पण सांडला. टपरीवाल्यानं फडकं फिरवलं आणि विचारलं, “अजून देऊ?” कुणी हसलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही. परतीच्या वाटेवर भारत गाडीवर एकटाच मोठ्यानं बोलत आला, “अजून देऊ? अजून देऊ?”

पण दौंड परकं गाव. तिथं सांडलेला चहा तिथंच राहतो. घरचं कधी जमायचं?

ती वेळ शितलच्या लग्नाच्या बोलणीनं आणली. भांडगावचा स्वराज, रांजणगावला कंपनीत होता. पोरांनी एकमेकांना शिरूरलाच पसंत केलेलं. बोलणी जयसिंगच्या हातात. भांडगावकरांनी रीतीप्रमाणं गावात चौकशी केली आणि गावानं रीतीप्रमाणं सांगितलं, पोरगी सोन्यासारखी, पण बाप घ्यायचा. स्वराजचे आजोबा तात्याबा, त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, बापाला बघितल्याशिवाय होकार नाही.

“दाजी, तुम्ही फकस्त गप बसा,” जयसिंगनं पढवलं. “बोलायचं काम माझं. दोन वर्स झाली सोडून म्हंतो. मिटलं.”

शितल तेवढी हळूच म्हणाली, “पप्पा, जमंल तेवढंच करा.”

रविवारी सकाळी पाहुणे आले. तात्याबा, स्वराजची आई अनिता आणि स्वराज. जयसिंग बोलत होता, पाऊसपाणी, ऊस, कारखाना, आणि मग घसा साफ करून, “आता आमच्या दाजींचं तुमच्या कानावर आलं आसंल. पर सुटली ती. देवीचा भंडारा उचलून सोडली. दोन वर्स झाली.”

तात्याबांनी मान डोलावली. तेवढ्यात नीलमनं चहा आणला. भारतच्या हातात कपबशी आली आणि खडखड सुरू झाली. त्यानं घट्ट धरायला बघितलं तशी जास्तच वाजायला लागली. चहा बशीत, बशीतून पायजम्यावर.

“जयसिंगराव,” तात्याबा म्हणाले, “सुटली म्हंता, आन् हात तर सकाळच्या पारीच कापतोय की.”

स्वराजनं मान खाली घातली. आतल्या दारात शितल उभी होती, तिच्या तोंडावरचा रंग उडाला. जयसिंगचा सुद्धा शब्द अडकला, आयुष्यात पहिल्यांदा. आता गप्प बसलं की पोरीचं मोडलं, हे भारतला लख्ख दिसलं. त्यानं कपबशी खाली ठेवली.

“मी दारू पीत न्हाई,” तो म्हणाला. “कवाच प्यालो न्हाई. मला माणसांचं भ्या वाटतं. आजार हाय त्यो. दौंडला जातो, गोळी चालू हाय. हात त्या भ्यानं कापत्यात. घरात कापत न्हाईत, चार माणसांत कापत्यात.”

एवढं लांब बोलणं त्या घरानं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“आवो मग भंडारा कशाला उचलला?” जयसिंग ओरडलाच.

“तुम्ही धा जण व्हता. न्हाई म्हणायला तोंड उघडावं लागलं आसतं.”

तात्याबांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग हसायला लागले. मांडीवर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “कळवतो,” म्हणाले आणि उठले.

दिवस मावळायच्या आत जयसिंगच्या फोनवर निरोप आला. होकार! जयसिंग नाचायचाच बाकी राहिला. तात्याबांचे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले, “पिणारी लै बघितली. लै थापा ऐकल्या. पर असली थाप जिंदगीत ऐकली न्हाई! माणसाची भीती म्हणं! जाऊ द्या, माणूस मनानं गरीब हाय, सुटंल हळूहळू. पोरगी झ्याक हाय, आम्हाला पसंत.”

घरात पेढे आले. शितलनं येऊन बापाच्या पाया पडताना त्याचा हात क्षणभर दाबून धरला. त्या खोलीत त्याचं खरं मानणारी ती एकटी, आणि ती तर आता जायची होती. भारत ओट्यावर जाऊन बसला. आयुष्यभर जे बोलायला घाबरला ते बोलून झालं होतं, आणि ते बाकी कुणाला खरं वाटलं नव्हतं. आतून हसण्याचे आवाज येत होते.

नीलम बाहेर आली. तांब्या नव्हता हातात.

“खरंच पीत न्हाई तुम्ही?”

“न्हाई.”

“मग देवळात माज्याकडं का बघितलंत?”

“वाटलं, तू सांगशील.”

ती उभी राहिली, पदराशी चाळा करत. मग काही न बोलता आत गेली. रोजच्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी भारत दुकानात आला. शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरणार तोच थांबला. दाराशी भरायला आलेल्या मोटारींच्या रांगेत पहिल्याच मोटारीवर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर ओळखीचं नव्हतं. मोठं, वेडंवाकडं, शाळा लवकर सुटलेल्या माणसाचं. गावातली सगळी अक्षरं ओळखणाऱ्या माणसाला आपल्या बायकोचं अक्षर ठाऊक नव्हतं. तिनं गिऱ्हाइकांसारखंच लिहिलं होतं, आधी नाव, मग बिघाड.

‘नीलम. देवळात मी बोलायला पाहिजे होतं.’

भारतनं ते दोनदा वाचलं. मग कुणी बघत नाही ना याची खात्री केली, ती मोटार आत ओढली, शटर पुरतं खाली केलं, आणि त्या मोटारीजवळ बसून ढसाढसा रडला.