सोबतीच्या बाई

सोबतीच्या बाई कुणाच्याही घरी आल्या, की आधी दाराची बाहेरची कडी काढायच्या. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला ज्यांना काही आठवेनासं होई, त्यांना 'चळ लागला' म्हणून लोक कोंडून घालत. अशा माणसांजवळ बसायला भोरातल्या पाच-सहा बायका फुकट, पाळीपाळीनं जायच्या. बाई त्यांतल्या मुख्य. चहा घ्यायच्या नाहीत. "च्या घेतला की गप्पा सुरू व्हत्यात, अन् म्हातारी निसटती," म्हणायच्या.

माझी आई रोज दुपारी गाठोडं बांधून माहेरी निघायची. ते माहेर धरणाच्या पाण्याखाली जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती. "चला आत्याबाई, म्या येते सोबतीला," म्हणून बाई वहाणा चढवायच्या. पाणी घरापासून अर्ध्या मैलावर. तिथं पोचल्यावर बाई सांगायच्या, होडी आज नाही, उद्या येऊ. आई खुशीत परतायची आणि माहेरी सगळी बरी आहेत, असं वर मलाच ऐकवायची. मला हे नाटक खपायचं नाही. शाळामास्तर ना मी!

एकदा बाई नसरापूरला गेलेल्या. आई गाठोडं घेऊन उठली, तेव्हा मीच तिला पाण्यावर नेलं. बोट दाखवून स्पष्ट सांगितलं, गाव बुडालं, तुझे आईवडील केव्हाच गेले, तिथं कुणी नाही. आई बराच वेळ बघत राहिली. मग गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं.

पुन्हा तिनं ते बांधलं नाही. सगळं विसरणाऱ्या आईच्या नेमकं तेवढंच लक्षात राहिलं. बाईंना मी घडलं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

"तुमी खरं बोललात, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पर आता त्यांनी जायाचं कुठं?"

आई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची आणि बाई तिचे पाय चेपत बसायच्या. दिवाळीच्या आत आई गेली. अजून दुपारी डोळा लागला, की ती पाण्याकडं बघत उभी दिसते आणि मी दचकून उठतो.

महिन्याभरानं बाई दारात आल्या. उत्रोलीच्या एका म्हाताऱ्याजवळ बसायला माणूस कमी पडतंय, म्हणाल्या. मी मुकाट्यानं गेलो. म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावून विचारलं, बैलांना पाणी पाजलं का. त्याचा गोठा कित्येक वर्षं रिकामा होता.

"व्हय बाबा, पाजलं," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं समाधानानं डोळे मिटले. इतकं सोपं होतं ते, आणि माझ्या आईसाठी मला जमलं नव्हतं.