मोजून दिलेला लॅपटॉप

मोजल्याशिवाय माल दाराबाहेर जायचा नाही, हा गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यातल्या कटिंग विभागाचा नियम मावशींनी घातलेला होता. बाह्या किती, कॉलर किती, खिसे किती, सगळं वहीत. परत आलं की पुन्हा मोजणी. तीस वर्षांत एक कफ इकडचा तिकडे झाला नव्हता. सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणायचा. सख्खी भाची मात्र एकच, जवळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी.

टेबलावर लॅपटॉप आला तेव्हा मावशी आधी फुरंगटल्या, मग हट्टाने शिकल्या. कापड बेतायचा पुठ्ठ्याचा एकेक पॅटर्न त्यांनी त्यात आखून घेतला. आखून झाले तसे सुपरवायझरने पुठ्ठे रद्दीत घातले. "आता सगळं पोटात गेलं त्याच्या," म्हणाला.

पुढे कापडाच्या धुळीने कीबोर्डच्या कळा अडकू लागल्या, म्हणून मावशी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. पाटीवर 'लॅपटॉप हॉस्पिटल' लिहिलेलं, म्हणून दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत. देण्याआधी मावशींनी सवयीने वही काढली. चार्जर एक, पिशवी एक, खालचे स्क्रू दहा. भाचीला फोन लावून लॅपटॉपच्या माहितीचं पान उघडलं आणि तेही उतरवून घेतलं: रॅम आठ जीबी, डिस्क पाचशे बारा जीबी. अर्थ काही कळला नाही, पण मोजलं.

चार दिवसांनी लॅपटॉप परत आला. स्क्रू मोजले, दहा भरले. ते पान मात्र पुन्हा उघडलं नाही. तिथेच मावशी चुकल्या.

तेव्हापासून लॅपटॉप रडू लागला. एक फाइल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, दोन उघडल्या की पडदा गोठायचा. मावशींनी डॉक्टरला फोन केला.

"काकू, फायलींची गर्दी केलीय तुम्ही. जुनं काढून टाका. कचरापेटीपण रिकामी करा, हलकं वाटेल त्याला."

मावशींनी काळजावर दगड ठेवून एकशे चाळीस जुने पॅटर्न पुसले. लॅपटॉप होता तिथेच.

शनिवारी सकाळी सुपरवायझर टेबलाशी येऊन उभा राहिला. "मावशी, लॅपटॉपला काही झालेलं नाही. वय झालंय ते तुमचं. सोमवारपासून नवीन बाई हे टेबल बघतील. तुम्ही आपलं धागे कापायला बसा."

धागे कापायला! ज्या टेबलाशी उभं राहून गुडघे झिजवले, तिथून उठून कोपऱ्यातल्या स्टुलावर. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी भाचीला फोन लावला.

दुपारी भाची आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला.

"अगं मावशी, डिस्क म्हणजे तुझं कपाट. ठेवलेला माल त्यात. रॅम म्हणजे हे कटिंगचं टेबल. काम करताना जे पसरतेस ते टेबलावर. टेबल अपुरं पडत असताना कपाट रिकामं करून काय होणार?"

"मग टेबल अपुरं का पडतंय? आधी तर पुरत होतं."

भाचीने माहितीचं पान उघडलं. रॅम चार जीबी.

मावशींनी वही काढली. रॅम आठ जीबी. दोनदा वाचलं, वही मिटली, चप्पल घातली. लॅपटॉप आणि भाचीला घेऊन दुकान गाठलं.

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती. डॉक्टर हसला. "या काकू! काय म्हणतोय पेशंट?"

"अर्धा मेलाय. वहीत रॅम आठ लिहिलीय, आत चारच दिसतेय. उघडा."

"चारच होती हो पहिल्यापासून. तुम्हाला त्यातलं काय कळतंय? आठ कुठेतरी चुकून लिहिलं असेल."

"तीस वर्षं लिहितेय. उघड म्हणते ना!"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं ऐकून गिऱ्हाईकं सरकून बसली. डॉक्टरने स्क्रू काढले, झाकण उचललं. आत सगळीकडे गणवेशाच्या कापडाचा निळा कीस बसलेला, पंख्यावर, तारांवर, कोपऱ्याकोपऱ्यात. रॅमच्या पट्टीच्या दोन जागा होत्या. एकीत पट्टी, दुसरी रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेखाली कीस नव्हता. बोटभर रुंदीची स्वच्छ हिरवी पाटी चमकत होती.

"इथे काही नव्हतंच, तर नेमका इथेच कीस कसा नाही बसला रे?" भाचीने विचारलं.

डॉक्टरने झाकणाकडे हात नेला. मावशींची नजर काउंटरवरच्या ट्रेकडे गेली. सुट्या पट्ट्या पडल्या होत्या. त्यांनी बोटाने चाळल्या आणि एक उचलली. तिच्या कडेला निळा कीस चिकटलेला होता.

"ही तुझी?"

"काकू, चुकून राहिली असेल…"

"चुकून राहिली, तर फोन केला तेव्हा फायली पुसायला का सांगितलंस? माझ्या हातांनी माझंच काम पुसायला लावलंस! बसव ती."

पट्टी बसली. रॅम आठ. फाइल पापणी लवते न लवते तोच उघडली. एक गिऱ्हाईक आपला लॅपटॉप बगलेत मारून मुकाट्याने निघून गेलं.

सोमवारी मावशींनी सुपरवायझरसमोर तीन फायली एकदम उघडून दाखवल्या आणि पट्टीची गोष्ट सांगितली. तो ओशाळून हसला. "जाऊ द्या मावशी, मिळाली ना पट्टी? टेबल तुमचंच. पुसलेले पॅटर्न काय, तुम्हाला तोंडपाठ आहेत. काढाल पुन्हा."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मावशी जास्त भडकल्या. "हो, काढीन. सहा महिने जातील. तोंडपाठ आहेत म्हणून पुठ्ठे विकलेस, तोंडपाठ आहेत म्हणून मला स्टूल दाखवलंस. बस इथे." त्यांनी माहितीचं पान उघडलं, वही त्याच्यापुढे सरकवली. "वाच पडद्यावर काय लिहिलंय."

"रॅम आठ… डिस्क पाचशे बारा."

"लिही. खाली सही कर. आता रोज सकाळी ही मोजणी करायची, तू."

त्याने सही केली. मावशींनी वही ओढून घेतली, कोरी फाइल उघडली आणि ओठ घट्ट मिटून पहिली कॉलर आखायला घेतली.