नवरदेवाला उतरवणारा नालबंद

संपात गिरणी बंद पडली, तेव्हा मी रोज परळच्या एका नालबंदाकडे जाऊन बसायचो. तो माणसाच्या तोंडाकडे बघतच नसे, पायांकडे बघून बोलायचा. घोड्याचा खूर उचलला की त्याचा मुलूख सांगायचा. "मऊ, ओल्या मातीत खूर थाळीसारखा पसरतो. दगडात आखूड आणि कडक होतो. मुंबईच्या डांबरावर मात्र सगळेच बोंबलतात!" म्हणून इथल्या घोड्यांना तो लोखंडाऐवजी टायरच्या रबराची नाल ठोकायचा.

माझ्या लग्नात सासऱ्यांनी हौसेने डोंगरातली घोडी आणवली. मिरवणूक त्याच्या दुकानासमोर आली, तसा हा हातोडा घेऊन आडवा आला.

"उतर रे! लोखंडी नाल आहे. घसरली तर पाय मोडेल."

"माझा?"

"तुझा मोडला तर प्लास्टर घालतील. तिला गोळी घालतील."

"अहो, मुहूर्त टळतोय!" सासरे ओरडले.

"मग जावयाला पळवा. तसाही बेकार आहे."

मी फेटा सांभाळत मांडवापर्यंत धावलो. माझ्याआधी बातमी पोचलीच होती. हार घालताना बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली, "घोडी बरी आहे ना?"