पिंपळकर भाऊजी भट्टीवर जातात!

हसा, खुशाल हसा. फक्त चहाचा कप खाली ठेवून हसा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचाही दोष माझ्यावर येईल. कारण माझ्या तोंडानं जो घोळ घातला, तो आमचे हे अजूनही पाहुण्यांसमोर रंगवून सांगतात. आणि मी? मी दूध उतू गेल्याचं निमित्त करून आत पळते. घरात दूध नसलं तरी!

आम्ही तेव्हा भिलाईत होतो. प्लांटचं क्वार्टर, पुढे तारेचं कुंपण, मागे पेरूचं झाड. शेजारी पिंपळकर. दोन्ही घरं नागपूरकडची, त्यामुळे घरोबा असा की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायची. पिंपळकर भाऊजी रेल मिलच्या ऑफिसात हेडक्लार्क. माणूस देव. पण अगरबत्ती लावलेला देव! चोवीस तास धूर. ते भाजी आणायला निघाले तरी आधी गेटाबाहेर धूर पडायचा, मग भाऊजी. माझ्या वाळत घातलेल्या साड्यांना साबणाचा कमी आणि भाऊजींच्या सिगरेटचा वास जास्त.

कोपऱ्यावर बिसाहूची गुमटी होती. गुमटी म्हणजे चार पायांवरचं लाकडी खोकं. त्यात पान, बिडी, सिगरेट आणि मध्ये मांडी घालून बसलेला बिसाहू. भाऊजींची स्कूटर वळणावर दिसली की त्याचा हात आपोआप पाकिटाकडे जायचा. खांबाला काथ्याचा दोर धुमसत लटकलेला असायचा. भाऊजी त्यावर सिगरेट पेटवायचे, आणि मग दोघांच्या गप्पा अशा की जणू कुंभमेळ्यात हरवलेले सख्खे भाऊ सापडले.

त्यांची लेक लता नागपूरला दिलेली. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तर ठरलेलंच. पण संक्रांतीला आली तेव्हा पोरगी वडिलांना चक्क म्हणाली, "बाबा, या धुरात मी बाळाले आणणार नाही. सासरीच होईन बाळंत. पाहा मग!"

भाऊजी हसले. हसले आणि उठून गुमटीवर गेले.

पुढे शैलावहिनी, म्हणजे भाऊजींची बायको, लताच्या ओटभरणाला नागपूरला गेल्या. जमलं तर येताना लेकीला घेऊनच येणार होत्या. निघताना मला म्हणाल्या, "ठोंबरे वहिनी, घराकडं जरा लक्ष ठेवजा."

आता मला लक्ष ठेवा म्हणून सांगावं लागतं का? मी फुकटात ठेवते! पण त्यांनी सांगितलं होतं, हे तुम्ही विसरू नका. माझ्या बाजूनं एवढाच एक पुरावा आहे.

झालं! थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी मी कुंपणाशी उभी होते. भाऊजी पायी निघाले, गुमटीसमोरून गेले, आणि थांबलेच नाहीत! मान दुसरीकडे वळवून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं, सासऱ्यासमोरून नवी सून जावी तसे. आणि बिसाहू? त्यानं भाऊजी दिसताच अख्ख्या दुकानावर पोत्याचं फडकं ओढलं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी यांना म्हटलं, "अहो, पिंपळकर भाऊजींचं अन् बिसाहूचं वाजलं वाटते."

हे पेपरामागून म्हणाले, "तुले काय करायचं आहे?"

"वहिनीनं लक्ष ठेवाले सांगितलं ना!"

"घराकडं सांगितलं. बिसाहूकडं नाही."

पण चैन पडेल तर ती मी कसली? सुपारी आणायच्या निमित्तानं गेले गुमटीवर.

"काय रे बिसाहू, साहेबांशी भांडण झालं काय?"

बिसाहूनं दोन्ही कानांना हात लावला. तो छत्तीसगढी बोलायचा, पण आम्हाला सगळं समजायचं. निदान मला तरी तसं वाटायचं! म्हणाला, "झगरा काबर, काकी? साहब अब एती नइ आवय. संझा होइस तहाँ भट्ठी डहर निकल जाथे."

"इकडं येत नाहीत, संध्याकाळ झाली की भट्टीकडं?"

"हव. रोज जाथे. कहिथे, मन भर जाथे." एवढं बोलून त्यानं जीभ चावली. "काकी, कोनो ला झन बताहू." कोणाला सांगू नका!

माझ्या हातातली सुपारी खाली पडली. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर तुम्हाला कळायचं नाही. आमच्या तिकडे भट्टी म्हटलं की पहिल्यांदा दारूचं दुकान. देशी! नवरा भट्टीवर जातो म्हटलं की बायका डोळ्यांना पदर लावतात. रेल मिलचा हेडक्लार्क, बायको गावाला, आणि रोज संध्याकाळी भट्टीवर जातो, मन भरेपर्यंत! भाऊजी मान का वळवतात, बिसाहू फडकं का ओढतो, सगळं उजेडात आलं. बिचाऱ्याला आपल्या साहेबांचं ते रूप बघवत नसणार!

आणि मग मला पुरावेच पुरावे दिसायला लागले. भाऊजींचे डोळे लाल. हात थरथरायचे. दूधवाल्यावर असे ओरडले की त्याची म्हैस आटली असती. आणि सगळ्यात मोठा पुरावा, तोंडात सतत लवंग! मी कुंपणावरून "भाऊजी, चहा घेता का?" विचारलं तर तोंड फिरवून म्हणाले, "नको वहिनी, चहा घेतला का मग राहवत नाही."

चहानं सुद्धा राहवत नाही! म्हणजे किती पुढे गेलं असेल?

मी फक्त समोरच्या क्वार्टरमधल्या बोरकरबाईंना सांगितलं. एकट्या बोरकरबाईंना, आणि तेही गळ्याची शपथ घालून. दोन दिवसांनी भाजीबाजारात पलीकडच्या स्ट्रीटची एक बाई माझ्या कानाशी लागली. "ऐकलं काय? तुमच्या बाजूचे कोणी साहेब भट्टीवर पडून सापडले म्हणते. चप्पल एकीकडं, चष्मा एकीकडं!"

"अगं बाई! इतकं वाढलं?" मी म्हटलं. आपलीच बातमी कपडे बदलून परत आली आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. उलट मी घाबरले. हे लताच्या कानावर गेलं तर? धुराला नाही म्हणणारी पोरगी दारूच्या घरात पाऊल ठेवेल? बाळंतपण, बारसं, सगळं सासरी. शैलावहिनीनं केवढ्या हौसेनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती!

म्हटलं, आता आपणच काय ते करायचं.

संध्याकाळी भाऊजी निघाले तशी मी गुमटीपाशी त्यांच्या वाटेत उभी राहिले. पदर खोचून. बिसाहूनं सवयीनं फडकं ओढलं. गुमटीशी एक अनोळखी गिऱ्हाईक तोंडात न पेटलेली सिगरेट धरून दोराकडे चाललं होतं, तेही थांबलं.

"भाऊजी, आज तिकडं जायचं नाही. सोडा आता ते!"

भाऊजी गोरेमोरे झाले. "तुमाले कोणी सांगितलं?"

"सारं सेक्टर बोलून राहिलं!"

"सोडूनच राहिलो ना वहिनी," ते हळूच म्हणाले. "पण संध्याकाळ झाली का जीव कासावीस होते. काही सुचत नाही."

"म्हणून भट्टीवर जाता?"

"हो. तिथं गेलं का बरं वाटते. जरा वेळ उभा राहतो अन् वापस येतो."

"उभ्यानंच?" मी किंचाळले. निदान माणूस बाकावर तरी बसतो हो!

"बसाले तिथं काय आहे? मैदानच तर आहे."

"मैदानात! भाऊजी, लताचा तरी विचार करा! उद्या मी वहिनीले ट्रंक कॉल लावते. दारुड्या आजोबाच्या घरी बाळ येईन काय?"

"दारुड्या?" भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "कोण दारुड्या?"

अनोळखी गिऱ्हाईक चटकन म्हणालं, "मैं नहीं."

मग भाऊजींच्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा चेहरा असा झाला, की खरं सांगते, तो आठवला की आजही मला घास गिळवत नाही. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सिगरेट सोडून राहिलो मी, वहिनी. लतासाठी. इतक्या वेळा सोडतो म्हटलं अन् नाही सुटली. ऑफिसात हसतात लोक. म्हणून या खेपेले कोणाले सांगितलं नाही. हिलेही नाही. दात-ओठ खाऊन दिवस काढून राहिलो, अन् लोक मले दारुडा म्हणून राहिले? मग कशाले करून राहिलो मी हे?" आणि फडक्याकडे हात करून म्हणाले, "बिसाहू! दे बे एक."

आता हे पेटवणार, आणि माझ्यामुळे!

आता मला सांगा, तुम्ही दुकानदार आहात. तुमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रुसून गेलं होतं, ते आपल्या पायांनी परत आलंय, हात पसरून मागतंय. तुम्ही काय कराल? आमच्या ह्यांनी एकदा तंबाखू सोडला तेव्हा सुपेला बाजारातल्या एका पानवाल्यानं काय केलं माहीत आहे? लांबून हाका मारमारून बोलावलं, हातावर चुना लावलेली चिमूट ठेवली आणि म्हणाला, "ले लो बाबूजी, नाराज हो क्या?" सुटलेला तंबाखू पुन्हा चिकटला.

आणि आमचा बिसाहू? तो म्हणाला, "खतम होगे, साहब."

"खतम? ते फडक्याखाली काय आहे?"

"डब्बा मन खाली हे. शो बर रखे हँव." रिकामी खोकी म्हणे, नुसती दाखवायला!

"अन् या माणसाच्या तोंडात काय आहे?"

"वो आखरी रहिस."

भाऊजींनी त्या माणसाकडे असं पाहिलं की त्यानं सिगरेट दोन्ही हातांनी झाकली. तसा बिसाहू उठला, कात भिजवायच्या पाण्याचा लोटा उचलला आणि धुमसता दोर त्यात बुडवला. सुर्रर्र! दोर विझला.

"अरे! मेरी तो जलाने दे!" गिऱ्हाईक ओरडलं.

"आज कोनो के नइ जलय. घर जावव!" बिसाहू त्याच्यावर गरजला. मग भाऊजींकडे वळून अगदी लेकराशी बोलावं तसं बोलला. "साहब, आप खुद बोले रहेव, मैं माँगहूँ तभो झन देबे. नोनी आही. लइका के छठी होही. छठी के पान मोर दुकान ले जाही के नइ?"

लेक येईल, बाळाचं बारसं होईल, त्याची पानं माझ्याच दुकानातून जातील ना, असं विचारत होता तो. आणि मी मागितली तरी देऊ नकोस, असं भाऊजींनी त्यालाच सांगून ठेवलं होतं! जगात भरवशाचा माणूस निवडला कोण, तर सिगरेट विकणारा. आणि त्यानं तो भरवसा राखला. फडकं ओढायचा ते राग म्हणून नव्हे, साहेबांना पाकिटं दिसू नयेत म्हणून. लवंगासुद्धा त्यानंच दिल्या होत्या, तलब आली की चावायला. मला तर वाटलं, गुमटीपुढे नारळ फोडावा.

भाऊजींचा पसरलेला हात हळूहळू खाली आला. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी खिशातून लवंग काढली आणि तोंडात टाकली.

"पण मग ती भट्टी?" मी विचारलं. काय करणार, राहवेना!

बिसाहूनं कपाळावर हात मारला. "दारू भट्ठी नइ, काकी! लोहा भट्ठी!" आणि त्यानं प्लांटच्या दिशेला बोट दाखवलं. तेवढ्यात तिकडे स्लॅग ओतला गेला असावा. लोखंडाच्या भट्टीतला तो उकळता मळ ओतला की सगळं आभाळ तांबडंलाल व्हायचं. आम्ही रोज बघायचो आणि रोज विसरायचो.

भाऊजी तिकडे बघत म्हणाले, "तलब आली का मी मैदानावर जाऊन ते पाहतो, वहिनी. एवढी मोठी आग पाहिली का काडी ओढाची लाज वाटते."

भिलाईत राहून, लोखंडाच्या भट्टीच्या पगारावर जेवून, मला भट्टी म्हटल्यावर दारूच आठवावी? मी भाऊजींना बोरकरबाईंपासून भाजीबाजारापर्यंत सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी लवंग या गालातून त्या गालात फिरवली. मग म्हणाले, "ते चप्पल एकीकडं अन् चष्मा एकीकडं, तेही तुमचंच काय?" आणि हसले एकदाचे. लवंग उडाली तोंडातून!

लता आली बरं का. मुलगी झाली, आणि भाऊजी तिला मांडीवरून खाली ठेवीनात. पण ते पुढचं. त्या संध्याकाळचं अजून थोडं उरलं आहे.

मी निघाले तशी बिसाहूनं हाक मारली. "काकी, रुको." त्यानं दोन मोठी पानं घेतली, त्यात सुपारी, बडीशेप, गुलकंद असं ठासून भरलं की विडा नव्हे, उशीच झाली. म्हणाला, "मुँह में रखो. तलब नहीं लगेगी."

"मले कशाची तलब? मी काही सिगरेट पिते काय?"

"सिगरेट के नइ, काकी. गोठियाए के."

गोठियाए के, म्हणजे बोलण्याची! भाऊजी आणि बिसाहू दोघंही खोखो हसले. मी मुकाट्यानं तो विडा तोंडात कोंबला. दोन्ही गाल फुगले, शब्द म्हणून फुटेना. मनाशी ठरवलं, बिसाहूसारखा दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडू शकतो, भाऊजींसारखा माणूस सिगरेट सोडू शकतो, तर आपणही आजपासून सोडायचं. एक अक्षर बोलायचं नाही, कोणाबद्दल नाही!

गेटाशी बोरकरबाई उभ्या होत्या. "काय हो, काय झालं गुमटीवर? लोक जमले होते म्हणते!"

मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी गेटाचा खांब घट्ट धरला, खरंच धरला हो! जीव कासावीस झाला, काही सुचेना.

आणि मग मी तो एवढा सुरेख विडा, गुलकंदासकट, गटारात थुंकले आणि म्हटलं, "बोरकरबाई, कोणाले सांगू नका, पण..."