‘ण’ नसलेला डबा

उरलेली फुलं फेकून देता येतात, उरलेल्या गोष्टी फेकता येत नाहीत. अमरावतीच्या फुलबाजारात इतकी वर्षं बसून माझ्याकडे त्यांचा ढीगच झाला आहे. हसण्यासारख्या पुष्कळ आहेत. पण खरं सांगते, त्यातल्या बहुतेकांत कुणी ना कुणी घाबरलेलं असतंच!

आम्ही चौघी, म्हणजे विमलकाकू, पुष्पा, सिंधू आणि मी, तिवसा रस्त्यावरच्या एकाच गावच्या. सकाळी शेवंती, झेंडू घेऊन यायचं आणि हर्रास, म्हणजे लिलाव, आटोपला की शेडमध्ये बसून दुपारच्या एसटीची वाट बघायची.

काकूंच्या सुनेच्या मोबाइलवर विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द शोधायचा गेम होता. काकूंचं बोट काही काचेवर सरकेना. “बोटाले भेगा पडल्या व! मोबाइलले वाटते काडी फिरून राहिली!”

मग त्यांनी थंड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवली आणि ऑइलपेंटनं एकेकावर एकेक अक्षर काढलं. पाळीपाळीनं एकीनं मनात शब्द धरायचा, त्याची झाकणं पोत्यावर उलटसुलट मांडायची, बाकीच्यांनी तो लावायचा. झाकणं ठेवायचा डबा मात्र काकूंचाच. बरोबर काय आणि चूक काय, हे डबेवाली ठरवणार. मी दहावी पास, काकू चौथी. तरी मला कोड्यात अडकलेली बघितलं की त्या म्हणायच्या, “ओ दहावीवाल्या बाई, एसटी येऊन राहिली, लावा लवकर!”

*

पहिल्याच आठवड्यात पुष्पानं एक शब्द लावला आणि आनंदानं ओरडली, “साप!”

फुलांच्या टोपल्यांत खरंच कधी कधी साप निघतो. क्षणात अर्धी शेड रिकामी! एक जाडजूड व्यापारी वजनकाट्यावर चढून उभा राहिला. काटा हलत होता आणि तोही. “कुठी हाय? कुठी हाय?” सगळीकडे एकच ओरडा.

काकूंनी दोन झाकणं उचलून त्याला दाखवली. “हा पाहा भाऊ. इचारा, चावते का त्याले!”

तेव्हापासून नियम झाला : शब्द लावायचा, पण तोंडानं म्हणायचा नाही.

*

सिंधूचा नवरा तेव्हा अकोल्याला दवाखान्यात भरती होता. एका रात्री तिथे थांबायची पाळी दिराची होती, म्हणून त्या दिवशी ती बाजारात आली होती. काकूंच्या मनात भावाचं नाव होतं, रमण. त्यांनी तीन झाकणं मांडली. सिंधूनं ती सरकवली आणि एकदम हात मागे घेतला. पोत्यावर ‘मरण’ लागलं होतं.

“काकू, हे माह्याच हातून काहून लागलं?”

काकूंनी ‘ण’चं झाकण उचललं आणि समोरच्या नालीत फेकलं. “घे. आता बनतच नाई!”

‘ण’ एकच होता. त्यानंतर आमच्या खेळात वरण नाही, तोरण नाही, बाण नाही. पुष्पा कुरकुरली, “काकू, एक अक्षर गेलं ना!”

“अक्षर मोठं का मानूस मोठा?”

सिंधूचा नवरा महिन्याभरानं घरी आला. आल्या आल्या त्यानं वरणभात मागितला!

*

काकू कशालाच घाबरत नाहीत असं आम्हाला वाटायचं. एक दिवस त्या बार्शीटाकळीहून आल्या, मोठ्या बहिणीला, म्हणजे त्यांच्या ‘बाई’ला, भेटून. डबा उघडलाच नाही.

“बाई मले ओळखत नाई,” त्या म्हणाल्या. “आधी नावं चुके, मंग दिवस चुके. घरचे म्हनत, हाव बाई, बरोबर हाय. तिले वाईट वाटू नये म्हनून. तिले कळलंच नाई का आपन हरवून राहिलो. मागच्या हप्त्यात तर एकटीच निघाली. अकोल्याच्या स्टँडवर सापडली, पायात चप्पल नाई.”

मग त्यांनी डबा मध्ये ठेवला. “हात ठेवा यावर. मी चुकली का तोंडावर सांगजा. मले त्या चुकन्याची डर नाई. कोनी सांगनार नाई, याची डर हाय.”

आम्ही तिघींनी हात ठेवले.

*

पावसाळ्यानंतर काकूंनी मला एकाच दुपारी दोनदा विचारलं, “तुह्या पोरीचं नाव काय व?” त्या पोरीचं बारसं त्यांच्याच मांडीवर झालं होतं. मी दोन्ही वेळा नाव सांगितलं, हसून.

नंतर एकदा त्या शेवंतीची रिकामी टोपली घेऊन उलट्या दिशेच्या एसटीत चढल्या. पुष्पानं हात धरून उतरवलं. म्हणाली, “बोर्डच खराब हाय, कोनालेही वाचता येत नाई.” बोर्ड चांगला होता.

आम्ही मांडायला सोपे शब्द घेऊ लागलो. दोन झाकणांचे, तीन झाकणांचे. शपथेचं कुणीच बोलत नव्हतं. घरी पोळ्या लाटताना मला तो डबाच आठवायचा.

*

आणि मागच्या मंगळवारची गोष्ट. काकूंची पाळी होती. त्यांनी पाच झाकणं मांडली : मो, ख, टी, ळ, घ.

“लावा.”

पुष्पानं लावून पाहिलं. सिंधूनं लावून पाहिलं. मी मनातल्या मनात सगळ्या अदलाबदली करून पाहिल्या.

“जमून राहिलं का?” काकूंनी विचारलं.

“लय कठीन हाय बाप्पा!” पुष्पा म्हणाली.

“हाव, उद्या लावतो काकू,” सिंधू खाली बघत म्हणाली.

एसटी आली, आम्ही उठलो नाही. एसटी गेली. काकू एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांच्या बहिणीचे अनवाणी पाय दिसायला लागले.

“काकू,” मी म्हटलं, “यात शब्द नाई. तुमचं चुकलं.”

सिंधूनं माझा दंड घट्ट धरला. काकूंनी ती पाच झाकणं एकेक करून डब्यात टाकली.

“तुम्ही मुद्दामच मांडली होती ना, काकू?” मी विचारलं. “आमची परीक्षा पाहाले?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

“आता तू धर.”