गुडघा जमिनीला टेकेपर्यंत

वाळवंटात राहून आम्ही बर्फावर घसरायला शिकलो, याचं मस्कतमध्ये कुणाला फारसं नवल वाटत नाही. दुबईच्या एका मॉलमध्ये छताखाली बर्फाचा उतार आहे. शुक्रवारी सकाळी मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या घरून गाडी काढायची आणि बरका ओलांडून सोहारला जायचं. नवरा तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर आहे आणि आठवडाभर तिथेच राहतो. त्याला घ्यायचं आणि सीमेपलीकडे जायचं. मुलगी लहान असताना तिच्यासाठी म्हणून सुरू झालेला हा खेळ मलाच लागला. पुढे डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जॉर्जियाच्या खऱ्या डोंगरांवर जायला लागलो.

पडले ती तिथेच. वेग फार नव्हता आणि उतारही सोपा होता. वळताना वजन मागे गेलं, खाली बसावं तशी पडले आणि पडताना बुटापासून सुटायला हवी ती उजव्या पायाची स्की सुटली नाही. गुडघ्यातून टप् असा आवाज आला. पुढे थांबलेल्या मुलीलाही तो ऐकू गेला.

"मम्मा, स्की तुटली का?" तिने विचारलं.

स्की शाबूत होती. मस्कतला परतल्यावर एमआरआयमध्ये दिसलं की गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट पूर्ण तुटलं आहे. सर्जनने मांडीच्या मागच्या स्नायूचा दोर काढून त्या जागी बसवला. त्यांनी स्पष्ट सांगितलं: चालता येईल, जिने चढता येतील, गाडी चालवता येईल. स्कीइंगचं आत्ता विचारू नका.

मी मात्र तेवढंच विचारत होते. मुलगी अकरावीत होती. पुढच्या डिसेंबरनंतर तिची बारावीची परीक्षा आणि मग कॉलेज, बहुधा पुण्याला. तिघांनी मिळून बर्फावर जाण्याचा तो शेवटचा हिवाळा असणार होता.

अल् खुवैरमध्ये माझं ऑफिस घराच्या खिडकीतून दिसतं, पण मधल्या हायवेमुळे तिथवर चालत कुणी जात नाही. उजवा पाय ब्रेकवर ठेवायची परवानगी मिळेपर्यंत मी दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरले. लोक चांगले वागले. शेजारच्या घरातून डबा यायचा. पाण्याचा ग्लाससुद्धा कुणी मला उचलू देत नव्हतं. "वहिनी, तुम्ही बसा" हे वाक्य मी त्या महिन्यांत सर्वांत जास्त ऐकलं.

आमची काही बौद्ध कुटुंबं महिन्यातून एका शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये वंदनेला जमतात. सोफे बेडरूममध्ये ढकलून हॉलमध्ये चादरी अंथरल्या जातात. समोर बुटक्या टेबलावर बुद्धमूर्ती असते. सगळे जमिनीवर बसतात आणि गुडघे, हात, कपाळ टेकवून तीनदा पंचांग प्रणाम करतात. शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्यासाठी मागे खुर्ची ठेवलेली होती. मी बसले आणि यजमानांच्या लक्षात आलं की मी मूर्तीपेक्षा उंच झाले आहे.

वंदना थांबली. थोडी चर्चा झाली. मग मूर्ती डायनिंग टेबलावर गेली. तरी उंची पुरेशी वाटेना, म्हणून खाली पाण्याच्या बाटल्यांचा खोका ठेवून त्यावर पांढरं कापड घातलं. खाली बसलेल्या मुलांना आता मूर्ती बघायला माना वर कराव्या लागत होत्या.

पुढच्या महिन्यात माझ्या शेजारी दुसरी खुर्ची होती. त्यावर एका इंजिनिअरची आई बसली होती. त्या नागपूरच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात.

"मावशी, तुम्हालाही त्रास आहे? कधी बोलला नाहीत," मी म्हणाले.

"काऊन, गुडघे काय तुझेच आहेत? माझे का लाकडाचे?" त्या म्हणाल्या. "तुझ्या नावानं खुर्ची आली, तर म्हटलं, बसून घ्यावं."

उन्हाळ्यापर्यंत भिंतीलगत खुर्च्यांची रांग झाली होती.

गुडघा मात्र अडून राहिला होता. काटकोनाच्या थोडं पुढे जायचा आणि तिथे थांबायचा. सर्जनच्या मते आत काही बिघडलेलं नव्हतं. वाकवण्याचं काम आता फिजिओचं आणि माझं होतं.

फिजिओ बरक्याची ओमानी तरुणी होती. वडिलांच्या दुकानातल्या कामगारांमुळे तिला हिंदी येत होतं, आणि ते माझ्यापेक्षा जलद होतं. तिने गुडघा वाकवून पाहिला आणि विचारलं, "घरी दिवसभर काय करता?"

"लोक बसवून ठेवतात."

"कशावर?"

"खुर्चीवर."

"मग गुडघा खुर्चीएवढाच वाकणार. त्याला दुसरं काही माहीतच नाही." तिने भिंतीकडच्या फळीवरून उशा काढायला सुरुवात केली. "माझ्याकडे येणारे पहिल्याच दिवशी विचारतात, नमाजला कधी वाकता येईल. तुम्ही काय विचारणार?"

"स्कीइंग कधी करता येईल."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांवर ऊन पडलं होतं. "कुठे? इथल्या जबल अख्दर डोंगरावर?"

"जॉर्जियात. डिसेंबरमध्ये."

"इन्शाल्ला. पण आधी जमीन. तुमच्यात जमिनीवर वाकतात?"

मी पंचांग प्रणाम सांगितला. तिने तो करून दाखवायला लावला, मला जमेल तितका. मग म्हणाली की हे तिच्या नेहमीच्याच कामासारखं आहे. तिची पद्धत सोपी होती. गाद्यांवर गुडघे टेकायचे, टाचा आणि मांड्या यांच्यामध्ये उशा रचायच्या, त्यांवर बसायचं. ताण सहन होऊ लागला की एक उशी काढायची. सूज आली तर परत ठेवायची. "यल्ला, चला," ती म्हणायची, आणि मी उतरायचे.

घरी हे काम मुलीकडे गेलं. ती आणि तिच्या मैत्रिणी आपापसांत इंग्रजीच बोलतात; मराठी ती जपून, शब्द शोधत बोलते. अभ्यासातून उठून ती माझ्या मागे उभी राहायची. "मम्मा, एक उशी मायनस करू?" तिला नकोसं झालं की ती न विचारताच काढायची. गुरुवारी संध्याकाळी नवरा सोहारहून आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "किती उशांवर आलीस?" एकदा सूज येऊन दोन उशा परत आल्या. त्या आठवड्यात त्याने विचारलं नाही. मुलीने त्याला आधीच फोन केला होता.

पावसाळा इथे नसतो. ऊन थोडं उतरतं, एवढाच बदल. अशाच एका शुक्रवारी मी वंदनेला गेले आणि खुर्चीवर बसले नाही. शेवटची पातळ उशी हातात घेऊन चादरीवर उतरू लागले.

"हे काय करतेस?" मावशींनी वरून विचारलं.

"खाली बसते."

"तू खाली बसलीस तर आम्ही कोणाच्या जिवावर वर बसायचं?"

खुर्च्यांच्या रांगेत हसू पसरलं, पण प्रश्न खरा होता. यजमान खोका काढायला उठलेही होते. ज्या गुडघ्यासाठी मूर्ती वर गेली, तो गुडघा आता खाली आला होता.

"मावशी, तुम्ही बसा. खुर्ची आता तुमच्या गुडघ्यांच्या नावानं," मी म्हणाले.

"ऐकलं ना? मूर्ती वरच राहू द्या," मावशींनी यजमानांना सांगितलं. "पोरांच्या माना लवचीक आहेत."

यजमान बसले. पहिल्या प्रणामाला मी उशी वापरली. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला शेजारी बसलेल्या मुलीने ती काढून घेतली. गुडघ्यात ताण होता, पण कळ नव्हती. कपाळ चादरीला टेकलं. उठताना हात टेकावे लागले.

त्यानंतरचं काम जास्त कंटाळवाणं होतं: मांडीची ताकद, एका पायावर उड्या, आणि उजव्या पायाची उडी डाव्याइतकी लांब पडेपर्यंत फिजिओचं नकारार्थी मान हलवणं. नोव्हेंबरच्या अखेरीस तिने मान हलवली नाही. सर्जननेही अहवाल पाहून परवानगी दिली, सोप्या उतारांपुरती. फिजिओ म्हणाली, "खलास. आता बर्फाचा फोटो पाठवा. मी खरा बर्फ पाहिलेला नाही."

जॉर्जियात पहिल्या दिवशी बुटांच्या पकडी दोनदा तपासून घेतल्या. मुलांना शिकवतात त्या उतारावर गेलो. नवरा खाली फोन धरून उभा होता, मुलगी माझ्या पुढे. पहिली वळणं मी फार रुंद घेतली. तिसऱ्या फेरीला एका वळणावर तोल गेला आणि मी कुशीवर पडले. या वेळी स्की सुटली. आवाज झाला तो तिचाच.

थोडा वेळ मी हलले नाही. मग गुडघा वाकवून पाहिला. तो वाकला. तो बर्फात टेकवला, दोन्ही हात टेकवले आणि वजन पुढे घेतलं.

मुलगी वर चढत आली होती. काठ्यांवर रेलून ती बघत होती.

"मम्मा, उशी हवी?"

"नको. स्की दे."

तिने स्की माझ्या बुटासमोर आडवी ठेवली. मी उभी राहिले, पकडीत बूट दाबला आणि मुलगी निघेपर्यंत थांबले. मग तिच्या मागोमाग खाली गेले.